बॅटरी नसलेल्या संगणकाचं बटण

आमचा संगणक माझ्या नवऱ्याचं बोलणं तोडतो, अशी तक्रार मी मुलीकडे केली तेव्हा तिला वाटलं, आईचंच काहीतरी बिनसलंय. "आई, संगणक कुणाचं बोलणं कसं तोडेल?" ती फोनवर समजुतीच्या सुरात म्हणाली. हा समजुतीचा सूर हल्ली सगळेच माझ्याशी लावतात. नवरा आजारी पडला की बायकोचंही डोकं जरा हललं असणार, असं लोक धरूनच चालतात. मी म्हटलं, "मग ये आणि डोळ्यांनी बघ." ती बंगळुरात नोकरी करते, कशी येणार? तेव्हा मी तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं, आणि सांगता सांगता माझा आवाज चढला. तो अजून पुरता खाली आलेला नाही.

हे तारापूरच्या वीजकेंद्रात होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पॅनेलसमोर काढली. पॅनेल म्हणजे भिंतभर काटे, दिवे आणि बटणं, आणि त्यांच्यापुढे खुर्चीवर बसलेला माणूस. यंत्र नीट चाललेलं असेल तर त्या माणसाला हात हलवायचं काही कारण नसतं. त्याने बघत राहायचं. लग्न झाल्यावर मी विचारलं होतं, "दिवसभर करता काय तिथे?" हे म्हणाले, "बघतो." मला ते फार विनोदी वाटलं. माझं माहेर माहीमचं, मुंबईतलं नव्हे, इकडचं किनाऱ्यावरचं, नारळाची आणि पानवेलीची वाडी. आमच्याकडे नुसतं बघत बसणाऱ्याला कुणी जेवायला वाढलं नसतं.

हे मूळचे सांगलीकडचे. आमचं पहिलं भांडण झालं ते विजेवरूनच. खोलीतून बाहेर पडताना हे म्हणाले, "लाईट घालव." मी विचारलं, "घालवू कुठे? हरवायची आहे का?" आमच्याकडे पैसे घालवतात, अब्रू घालवतात. दिवा मालवतात. त्यांच्याकडे दिवाही घालवतात. ते हसले, परत फिरले आणि स्वतःच लाईट घालवली. पुढे सगळा संसार ते माझ्यामागून बटणं बंद करत हिंडले. मी ओट्यापासून मोरीपर्यंत गेले की स्वयंपाकघरात अंधार. वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या शेजारणी म्हणायच्या, आपल्याकडे तर वीज घरचीच. हे ऐकलं की यांचा चेहरा गंभीर व्हायचा. "आमी पिकवतो म्हणून उधळायची व्हय?" असं म्हणून ते व्हरांड्यातला दिवाही घालवायचे.

त्या पॅनेलची एक रीत होती. पाळी बदलताना, येणारा माणूस सगळं समजून घेऊन "घेतलं" म्हणत नाही तोवर जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही. घेतलं म्हणजे चार्ज घेतला, आता इथलं काय ते माझ्याकडे. हा शब्द कानावर पडेपर्यंत घरी काहीही झालेलं असो, उठायचं नाही. आणि एकदा शब्द ऐकला की उठायचं आणि मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं तर घेणाऱ्यावर भरवसा नाही असं होतं. ही रीत वीजकेंद्राची होती की यांच्याच पाळीतल्या माणसांनी आपापसात पाडलेली होती, मला ठाऊक नाही. आमच्या घरात मात्र ती पक्की होती. दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि यांना तहान लागली, तर हे शेगडीपासून हलायचे नाहीत. तिथूनच ओरडायचे, "दूध घे गं." मी येऊन "घेतलं" म्हटलं की मग पाणी प्यायला जायचे. मुलगी तान्ही होती तेव्हा तिला माझ्या हातात देतानाही तसंच. मी तिला धरलेलं दिसत असायचं, तरी "घेतलं" ऐकल्याशिवाय यांचे हात सुटायचे नाहीत. एकदा माझी आई माहीमहून आली होती. तिने हे बघितलं आणि मला आत नेऊन विचारलं, "बाय, जावय पोरीला पार्सल समजतो का काय?"

निवृत्त झाल्यावर आम्ही कॉलनी सोडून बोईसरला पश्चिमेला फ्लॅट घेतला. मुलीचा कॉलेजातला संगणक आमच्याकडेच राहिला होता. टेबलावरचा, पेटी वेगळी आणि पडदा वेगळा असा. हे त्यावर बातम्या वाचायला शिकले, पण त्याही आधी त्यांनी एक गोष्ट शोधून काढली. कुणी हात लावला नाही तर काही वेळाने पडदा आपोआप काळा होतो, आणि आणखी काही वेळाने पेटीही झोपते, अशी सोय त्यात होती. यांनी दोन्ही वेळा जितक्या कमी करता येतील तितक्या केल्या. चहा घ्यायला उठले आणि परत येईस्तोवर पडदा काळा झालेला दिसला की यांना बरं वाटायचं. मला दाखवायचे, "बघ, न सांगता घालवली."

मग यांना झटका आला.

चालणं हळूहळू परत आलं. उजवा हात अर्धामुर्धा आला. बोलणं आलं नाही. यांना समजतं सगळं. मी आमटीत मीठ कमी घातलं तर भुवई वर जाते. पण शब्द बाहेर येत नाही. आत कुठेतरी असतो आणि यांना त्याच्यापर्यंत जायला फार वेळ लागतो. मुंबईच्या एक बाई यांच्या बोलण्यावर उपचार करतात, त्या आठवड्यातून एकदा व्हिडिओवर बघतात. बाकीचे दिवस रोज सकाळी आम्ही दोघांनी करायचा अभ्यास त्यांनी दिला आहे. चित्रांचा एक संच आहे. एक चित्र पडद्यावर लावायचं, यांनी त्याकडे बघायचं आणि त्याचं नाव घ्यायचं. फोनवर चित्र लहान दिसतं म्हणून संगणक.

बाईंनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "तुम्ही शब्द सांगायचा नाही. ओठही हलवायचे नाहीत. चित्र समोर राहू दे आणि तुम्ही थांबा. त्यांना जितका वेळ लागेल तितका लागू दे. हे थांबणं हेच औषध आहे."

पहिल्याच दिवशी मी छत्रीचं चित्र लावलं. हे बघत होते. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. डाव्या हाताची बोटं टेबलावर हळूहळू हलत होती. मी माझे ओठ दाताखाली धरून बसले होते. यांच्या गळ्यातून एक बारीकसा आवाज आला, "छ"च्या जवळचा. आणि पडदा काळा झाला.

हे पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी डावा हात उचलून आपल्या कपाळाला लावला आणि खुर्चीत मागे सरकले. मला कळायला क्षणभर लागला. काळं झालं ते आपल्या डोक्यात झालं, असं यांना वाटलं होतं. पुन्हा अंधार आला, असं. मी घाईघाईने माऊस हलवला, छत्री परत आली, मी बोट दाखवून म्हटलं, "अहो, तुम्ही नाही, हा गेला, हा." पण यांनी मान वळवली होती. त्या दिवशी पुढचा अभ्यास झाला नाही.

मला त्या यंत्राचा जो राग आला, तो माणसाचाही मला कधी आला नसेल. त्याचा न्याय काय, तर हालचाल नाही म्हणजे समोर माणूस नाही. ज्या माणसाने न हलता बघत बसण्याची आयुष्यभर नोकरी केली, आणि ज्याच्या बघत बसण्याच्या जिवावर असल्या शेकडो यंत्रांना वीज मिळाली असेल, त्याच्यापुढे हे डबडं पडदा ओढून घेतं. आणि वर जागं केलं की पासवर्ड मागतं, म्हणजे तू कोण ते आधी सांग. ज्याला आपल्या बायकोचं नाव उच्चारता येत नाही त्याला. पासवर्ड मलाच टाइप करावा लागायचा. कॉलनीतल्या आमच्या पहिल्या क्वार्टरचा नंबर होता तो. मी टाइप करत असताना हे खिडकीबाहेर बघायचे.

तुम्ही म्हणाल, माऊस हलवत राहायचं, त्यात काय एवढं. मीही तेच केलं. हात माऊसवर ठेवून बसले. पण पडद्यावर बाण हलला की यांचे डोळे बाणामागे जायचे आणि जवळ आलेला शब्द निसटायचा. एकदा चुकून बोट दाबलं गेलं, तर कुलपाचं चित्र जाऊन त्या जागी केळी आली. हे "कु" म्हणण्याच्या बेतात होते. यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझाच हात तोडून टाकावासा वाटला. आणि शिवाय मला उठता यायचं नाही. कुकरची शिट्टी होवो, दारावरची बेल वाजो, हात माऊसवर. यांच्या झटक्यापासून मी तशीही कुठे उठले नव्हते म्हणा. आंघोळीला जाताना दार उघडं ठेवायचे. वाण्याकडे गेले तरी लक्ष घरात.

माणसं काही यंत्रापेक्षा बरी होती असं नाही. माझा भाऊ दर रविवारी माहीमहून यायचा, जीव लावणारा माणूस, पण यांनी तोंड उघडलं रे उघडलं की शब्द पुरवायचा. "पानी पायजे? पंखा लावू? भावोजी, टीव्ही का?" हे मान हलवत राहायचे, आणि शेवटी कंटाळून कशालातरी हो म्हणायचे. मग भाऊ खुश. एकदा यांना काहीतरी सांगायचं होतं, तो अंदाजांवर अंदाज करत सुटला, आणि शेवटी यांनी पाण्याला हो म्हणून नको असलेलं पाणी प्यायलं. मी भावाला गॅलरीत नेलं आणि झाडला. म्हटलं, "तू आणि तो संगणक एकाच माळेचे मणी आहात." तो बिचारा म्हणाला, "ताय, आमी मदतच करतो ना. त्यानला तरास नाय व्हावा म्हनून." मी म्हटलं, "त्रास होऊ दे. तू गप्प बस." त्यानंतर तो इतका गप्प बसायला लागला की त्याचाही राग येऊ लागला, पण ती गोष्ट वेगळी.

मुलीला हे सगळं कळल्यावर ती म्हणाली, "अगं, एवढंच ना? सोपं आहे. खाली उजव्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह दिसतंय ना, त्यावर क्लिक कर."

मी खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं. घड्याळ होतं, तारीख होती, आवाजाचं चिन्ह होतं. बॅटरी नव्हती.

"नीट बघ. छोटा बाण असेल, त्यात लपलेलं असेल."

बाण होता. त्यात बॅटरी नव्हती.

मग तीच म्हणाली, "हां, तो डेस्कटॉप आहे नाही का. मग नसणार." तिला कामावर जायचं होतं. संध्याकाळी बघू म्हणाली.

मी संध्याकाळची वाट बघणारी बाई नाही. मी स्वतःच शोधायला बसले. फोनवर लिहून विचारलं, संगणकाचा पडदा काळा होऊ नये म्हणून पटकन काय करावं. जिथे जावं तिथे तेच. बॅटरीच्या चिन्हावर क्लिक करा. बॅटरीच्या चिन्हावर उजवं क्लिक करा. बॅटरीचं चिन्ह ओढून वर करा. एका ठिकाणी तर मोठा लाल बाण काढून बॅटरी दाखवली होती, मुलांच्या पुस्तकात दाखवतात तशी. म्हणजे ज्यांचा संगणक बॅटरीवर चालतो त्यांच्यासाठी बोटाशी सोय, आणि ज्यांचा भिंतीतल्या विजेवर चालतो त्यांनी जा उडत. का, आमची वीज वीज नाही? पंख्याचं बटण भिंतीवर असतं, गीझरचं असतं, दाराबाहेरच्या दिव्याचंही असतं. मग याच्याच बटणाला इतक्या दारांआड नेऊन का ठेवलं, हे मला कुणी सांगेल काय?

स्टेशनजवळच्या संगणकाच्या दुकानात गेले. दुकानदार एका बंद पेटीत डोकं घालून बसला होता. मी सगळं सांगितलं, नवऱ्याचं, अभ्यासाचं, छत्रीचं. तो मान वर न करता म्हणाला, "सीपीयू उठाके लाओ, देखेंगे. वैसे लॅपटॉप ले लो ना आंटी, उसमें बॅटरी आता है." मी म्हटलं, "भाऊ, मी मराठीत बोलतेय, आणि मला बॅटरी नको, बटण पाहिजे." तो म्हणाला, "बटन खराब है क्या?" मी काही न बोलता घरी आले आणि पायऱ्या चढताना सगळं बोलले.

शेवटी वाट सापडली. सुरू करायचं बटण, मग सेटिंग, मग सिस्टीम, मग पॉवर, मग बाण उघडायचा, मग लांबलचक यादीतून अगदी तळाला जाऊन "कधीच नाही" निवडायचं. मी ते निवडलं. दुसऱ्या दिवशी चित्र लावलं, पडदा उजळलेला राहिला, मी मनातल्या मनात टाळी वाजवली, आणि तेवढ्यात पेटीतला पंखा घरघरून थांबला आणि सगळंच झोपलं. कारण पडद्याची वेळ वेगळी आणि पेटीची वेगळी. एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. हे यांना पूर्वीपासून माहीत होतं. त्यांनीच दोन्ही लावल्या होत्या. ते माझ्याकडे बघून डाव्या हाताची दोन बोटं दाखवत होते, आणि मी म्हणत होते, "काय, दोन काय? दोन चहा?" माझा भाऊ मला हसला असता.

दोन्ही ठिकाणी "कधीच नाही" केलं त्या सकाळी माशाचं चित्र होतं. हे बघत बसले. मी बघत बसले. चित्र गेलं नाही. खाली रस्त्यावर रिक्षावाल्यांची भांडणं झाली आणि मिटली. कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीच्या बादलीचा आवाज थांबला. मासा तिथेच. यांच्या कपाळावर आठी होती, पण चेहऱ्यावर ती जुनी भीती नव्हती. कुणी घाई करत नाही हे यांना कळलं होतं. आणि मग यांनी हळू, पण अगदी स्वच्छ म्हटलं, "सरंगा."

उत्तर होतं मासा. माझ्याजवळच्या उत्तरांच्या कागदावर चित्राखाली तसं लिहिलेलं होतं. पण मी यांना पंचवीस वेळा तरी शाबास म्हटलं असेल. सांगलीकडून आलेला हा माणूस लग्नाआधी मासळीचा वास आला तर रस्ता बदलायचा. त्याला मीच सरंगा ओळखायला शिकवलं होतं, तारापूरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर कोळणीशी घासाघीस करताना. आणि चित्रातला तो चपटा, पांढुरका मासा सरंगाच होता. आमच्याकडे कुणी सरंग्याला नुसतं मासा म्हणत नाही. बाईंना व्हिडिओवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छान. पण मासा हा शब्द यायला हवा होता." मी म्हटलं, "बाई, तुम्ही चित्र चुकीचं काढलंत. त्यांनी बरोबर वाचलं." त्या हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

इथे सगळं मार्गी लागलं असतं, पण हे राहिले पॅनेलवरचे. अभ्यास संपला की हे पडद्याकडे बोट दाखवायचे. मी पडदा बंद केला तरी मान हलवायचे. पेटी झोपवली तरी नाही. शेवटी माझ्या लक्षात आलं. यांना ती सेटिंगं जशी होती तशी परत हवी होती. चाचणीसाठी हलवलेला काटा चाचणी संपली की जागच्या जागी, ही यांची शिस्त. एकदा मी कंटाळून तसंच सोडलं आणि झोपवायलाही विसरले. सकाळी उठून यांनी बघितलं, कुणी नसताना पडदा जळतोय. यांनी चहा घेतला नाही. डाव्या हाताने टेबलावर थापा मारत राहिले, डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून एकही शब्द नाही. निरोगी असताना पाच मिनिटं बडबडून मोकळे झाले असते. मला तेव्हा यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू. माझे एवढे कष्ट चालले आहेत आणि या माणसाला विजेची पडली आहे. पण मग वाटलं, झटक्याने यांचं सगळं हिसकावलं, ही एक सवय तेवढी सोडली. ती मी कशी काढून घेऊ?

म्हणून रोज सकाळी दोनदा ती वारी. अभ्यासाआधी सगळी दारं उघडत आत जायचं, दोन्ही वेळा "कधीच नाही". अभ्यासानंतर परत तीच दारं, दोन्ही वेळा पूर्ववत. हे शेजारी बसून तपासायचे. त्यातच एक दिवस संगणकाने आपणहून काहीतरी नवीन चढवून घेतलं, आणि उठून बघते तर दारांची जागाच बदललेली. पॉवरच्या जागी भलतंच. आम्ही लावलेल्या वेळाही त्याने आपल्या मनाने बदलून टाकल्या होत्या. मला न विचारता. मी त्या पडद्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. हे ऐकत होते, आणि यांच्या ओठांचा कोपरा हलला. झटक्यानंतर पहिल्यांदा हे हसताना मला दिसले, तेही माझ्या शिव्यांना.

त्या रागातच मी शोधत राहिले, बॅटरी हा शब्द आला की पान बंद करत. आणि कुठल्याशा पानाच्या तळाशी, कुणीतरी माझ्यासारख्याच वैतागलेल्या माणसाने कुणाला तरी दिलेलं उत्तर सापडलं. पडद्याच्या मोकळ्या जागेवर उजवं क्लिक करा, नवीन शॉर्टकट घ्या, आणि अमुक अक्षरं लिहा. पॉवरसीएफजी, टिंब, सीपीएल. अर्थ मला आजही माहीत नाही. मंत्राचा अर्थ कुठे माहीत असतो. मी एकेक अक्षर बघून लिहिलं. पुढे त्याने विचारलं, याला नाव काय देऊ? मी यांच्याकडे बघितलं. हे विचार करत राहिले, पण काही आलं नाही, आणि मी पुरवलंही नाही. मग मी माझ्या मनाने लिहिलं, "थांब". त्या यंत्राला एवढं एकच सांगायचं होतं मला.

पडद्यावर, यांच्या चित्रांच्या शेजारी, एक छोटं चौकोनी चिन्ह उमटलं. खाली लिहिलेलं, थांब. त्यावर दोनदा टिचकी मारली की सगळी दारं ओलांडून थेट आत, आणि तिथे आणखी एक टिचकी मारली की दोन्ही वेळा एकाखाली एक. मी मुलीला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. मी तिला लिहिलं, तुझ्या बॅटरीला सांग.

ही झाली संगणकाची गोष्ट. मला सांगायचं आहे ते मात्र गेल्या आठवड्यातलं.

भाऊ सकाळीच ताजे बोंबील देऊन गेला होता. अभ्यासाच्या वेळेला हल्ली मी गॅसवर काही ठेवत नाही, पण त्या दिवशी बारीक आचेवर कालवण ठेवलं आणि यांच्याजवळ येऊन बसले. थांबवर टिचकी मारली, दोन्ही वेळा बदलल्या, खुर्चीचं चित्र लावलं. हे बघायला लागले. मी नेहमीसारखा हात माऊसवर ठेवला. आता त्याची काही गरज नव्हती. पडदा जाणार नव्हता. पण माझा हात आपला तिथेच, आणि मी खुर्चीच्या कडेवर टेकलेली. हे पडू नयेत, यांना ठसका लागू नये, यांना काही हवं असलं आणि सांगता आलं नाही तर.

कालवणाचा वास बदलला. खाली लागत होतं. मी दाराकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, पुन्हा दाराकडे. यांचा शब्द जवळ आला असेल तर? मी उठले आणि तो गेला तर? मला इतका संताप आला, बोंबलांचा, माझा, यांचा, त्या खुर्चीच्या चित्राचा, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांत मी रडले नव्हते. रडायला उठावं लागतं.

यांनी पडद्यावरची नजर काढली. माझ्याकडे बघितलं. मग डावा हात हळूहळू टेबलावरून सरकवत आणला आणि माऊसवरच्या माझ्या हातावर ठेवला. माझी बोटं एकेक करून बाजूला केली आणि माऊस आपल्या हाताखाली घेतला. ओठ हलले.

"घे…"

आतून करपल्याचा वास येत होता. मी ओठ हलवले नाहीत. जागची उठले नाही. बोंबील जळत होते आणि मी थांबले.

"घे… घेतलं."

खुर्चीच्या चित्राखाली हा शब्द नव्हता. कुठल्याच चित्राखाली नव्हता. मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत नव्हते. हे पडद्याकडे बघत होते, ताठ बसून, पाळीवर आलेला माणूस बसतो तसे.

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला. वरवरचं कालवण दुसऱ्या भांड्यात काढलं आणि ओट्याला टेकून पोटभर रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं, भात लावला, कोथिंबीर निवडली. यांच्याकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मी दाराकडे वळून बघितलं नाही.